हव म्हणायचं काम

माझ्या बाबांच्या लक्षात माणसांची नावं कधी राहिली नाहीत. शेजारच्या काकूंना ते वर्षानुवर्षं ‘त्या पलीकडच्या’ म्हणत आले. आकडा मात्र एकदा कानावर पडला की तिथंच बसायचा. नोकरीच तशी होती त्यांची. रेल्वेच्या यार्डात नंबर टेकर. मालगाडी येऊन उभी राहिली की इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गिट्टीवरून चालत जायचं आणि एकेका वॅगनचा नंबर लिहून घ्यायचा. रायपूरच्या उन्हात हे काम करून त्यांचे कान आणि मान कायमची काळी पडली होती. आता ते काम त्या पद्धतीनं कोणी करत नाही.

हे काम दोघांचं असायचं. एक बोलणारा, एक लिहिणारा. बोलणारा वॅगनकडे पाहून एकेक आकडा सुटा बोलायचा. लिहिणाऱ्यानं वॅगनकडे बघायचं नाही, फक्त ऐकायचं आणि लिहायचं. मग लिहिणारा ते परत वाचून दाखवायचा, बोलणारा पुन्हा वॅगनकडे बघायचा आणि म्हणायचा, हव, म्हणजे हो. हव म्हटल्याशिवाय नंबर पक्का नाही. आणि तोच नंबर दुसऱ्या कागदावर लागला तर पहिल्या कागदावरून उतरवून घ्यायचा नाही, पुन्हा बोलून घ्यायचा. बाबा म्हणत, “उतरवलं का चूक बी उतरते.”

मी लहान असताना रेल्वे क्वार्टरमध्ये रोज संध्याकाळी माझी परीक्षा चालायची. दिसेल तो आकडा घ्यायचा आणि विचारायचं, तुटते का नाही. तुटते म्हणजे एखाद्या लहान आकड्यानं त्याला पूर्ण भाग जातो. नाही तुटत ती मूळ संख्या. बाबांच्या जगात सगळे आकडे या दोनच जातींचे होते.

“एक्क्याण्णव?”

“नाही तुटत.”

“तुटते, बापा. तेरा सत्ते एक्क्याण्णव. लय बदमाश आकडा आहे तो. चेहरा साधा न् अंदरून फुटेल.”

मला चीड यायची. बाकीच्या पोट्ट्या बाहेर खेळून राहिल्या आहेत आणि मी इथं एक्क्याण्णव फोडत बसली आहे. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, ही तिखट खाऊनच जन्माला आली. ते खरंच आहे, आणि या सगळ्यात तेच नडलं.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे पुरानी बस्तीत राहायला आले. मी सरकारी कार्यालयात, रोज बसनं नव्या रायपूरला जाते. नवरा सिलतऱ्याला स्टीलच्या कारखान्यात, शिफ्टवाला, घरात असला की झोपलेला. पोरगी दहावीत, मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीतच. तर बाबा दिवसभर एकटेच. सकाळी दूध आणायचे, दुपारी देवळाच्या ओट्यावर बसायचे, संध्याकाळी माझ्या बसची वाट पाहायचे.

एक दिवस दूध आणायला गेले ते दीड तास आलेच नाहीत. शेवटी एका अनोळखी भैयानं स्कूटरवर बसवून आणून सोडलं. बाबांनी त्याला सोडून दिलेल्या रेल्वे क्वार्टरचा पत्ता सांगितला होता. तिथं गेल्यावर बाबांनाच लक्षात आलं की आपण इथं राहत नाही. मग म्हणाले, चला, पुरानी बस्तीत. उतरताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी त्यांना समता कॉलनीतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, चार वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली आणि शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले. घड्याळ जमलं. चारपैकी दोन नावं विसरले. सात मात्र सरसर उतरत गेले आणि शेवटी म्हणाले, “दोन उरते, डॉक्टरसाहेब. शंभर सातनं तुटत नाई.” डॉक्टर हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, सुरुवात आहे, पण हळू जाईल. डोक्याला काम देत राहा. आणि एक सांगतो, ‘तुम्हाला आठवत नाही’ हे त्यांना सारखं ऐकवू नका. आपल्या आठवणीवरचा भरवसा उठला की हे फार लवकर पुढं जातं.

मी मान डोलावली. आणि बाहेर आल्यावर त्यांना चपला सापडेनात तेव्हा पायरीवरच खेकसले, “बाबा, आत्ता काढल्या होत्या, तेही आठवत नाही तुम्हाला?”

घरी आल्यावर मी पुठ्ठ्याचं एक कार्ड केलं. त्यावर नाव, पत्ता, माझा मोबाईल नंबर. प्लास्टिकमध्ये घालून दोरी लावली. बाहेर जाताना गळ्यात घालायचं. बाबांनी कार्ड हातात घेतलं, नंबर पाहिला. “हा तं तीननं तुटते,” म्हणाले आणि कार्ड टेबलावर ठेवून दिलं.

“घाला नं बाबा.”

“मी काय वॅगन आहो, नंबर लटकवून फिरायले?”

त्यावरून दोन दिवस आमचं वाजलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. पेटीतून एक चिठ्ठी काढली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी लिहिलेल्या शेवटच्या वॅगनचा नंबर. वॅगनचा नंबर अकरा आकड्यांचा असतो. त्यातले पहिले दोन वॅगनच्या जातीचे आणि शेवटचा एक तपासणीचा, म्हणजे नंबर बोलता-लिहिताना चूक झाली तर पकडण्यासाठी. ते तिन्ही बाबांनी बाजूला केले. अकरा आकडे फोडायचे तर सात जन्म लागतील, म्हणाले. उरले मधले आठ. एक चार शून्य सहा तीन शून्य शून्य नऊ. एक कोटी चाळीस लाख त्रेसष्ट हजार नऊ.

“हा तुटते का नाई ते मी हातानं काढतो. मशीन नाई, फोन नाई. एक बी चूक झाली नाई तं माहं डोकं शाबूत आहे न् ते कार्ड तू फेकून दे. चूक झाली तं मी गळ्यात घालतो, मंग मले काही विचारू नको.”

मी म्हटलं ठीक. मला वाटलं आठ दिवसांत विसरतील. हे मी मनातल्या मनात म्हटलं होतं, तरी आज त्याचीही लाज वाटते.

पहिल्याच दिवशी त्यांनी बरंच उरकलं. शेवटी नऊ आहे, म्हणजे दोन गेला, पाच गेला. आकड्यांची बेरीज तेवीस, म्हणजे तीन गेला. मागून तीन-तीनचे गट पाडून सात, अकरा आणि तेरा एका फटक्यात घालवले. हे मला लहानपणी शिकवलं होतं, मी विसरले होते. मग सांगितलं की तीन हजार सातशे पन्नासपर्यंतच जावं लागेल, कारण त्याच्या पुढच्या आकड्याचा वर्गच आपल्या नंबरच्या पुढं जातो. तिथपर्यंतच्या मूळ संख्या त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काट मारत मारत काढल्या. पाचशे बावीस निघाल्या.

एका मूळ संख्येला एक पान, तोंडी घालवलेल्यांनाही. वर नंबर, त्याच्या शेजारी भाजक, खाली भागाकार, शेवटी बाकी. मग तपासणी म्हणून सगळ्या आकड्यांची बेरीज करून त्यातले नऊ-नऊ टाकायचे आणि दोन्ही बाजूंना उरलेलं जुळतं का ते पाहायचं. रोज दोन पानं. आणि पद्धत यार्डाची. दर पानाला चिठ्ठी माझ्या हातात, मी बोलायचं, ते लिहिणार, वाचून दाखवणार, मी हव म्हणायचं. मागच्या पानावरून उतरवायचं नाही.

दिवाळीनंतर सुरुवात झाली. संध्याकाळी सातला मी बसमधून उतरून आले की हात-पाय धुवायच्या आत बाबा वही घेऊन तयार. सुरुवातीला बरं वाटलं. त्यांचा चेहरा खुलला होता. दूध आणायला एकटे जाऊन वेळेत परत येत होते. माझ्या पोरीला दारात अडवून विचारायचे, तुहा रोल नंबर तुटते का? ती म्हणायची, “नानाजी, प्लीज,” आणि हसायची. बाकी एक आली, बाकी बाराशे आली, असं मला रोज सांगायचे. बाकी उरली की खूश. जणू एकेक दरोडेखोर दारावरून परतवून लावला.

पण रोज म्हणजे रोज. शंभर पानं, दोनशे पानं. माझा जीव मेटाकुटीला यायचा. भात कुकरमध्ये, पोरीची शिकवणी, आणि मी पाटावर बसून एक चार शून्य सहा. चिठ्ठी न बघताही मला पाठ झालं होतं, आणि पाठ झाल्यावर माणूस जसा बोलतो तसं मी बोलत होते. बाबा म्हणायचे, “पाहून बोल वं.” मी म्हणायची, “पाहूनच बोलून राहिले.”

जूनमधली ती संध्याकाळ मला आता पक्की आठवते, तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. त्या दिवशी कार्यालयात बदल्यांची यादी येणार होती. मला बस्तरकडे टाकतील अशी कुजबुज होती. ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी यादीचा फोटो टाकला. उजव्या हातात चिठ्ठी, डाव्या हातात फोन, आणि मी अंगठ्यानं फोटो मोठा करून आपलं नाव शोधत होते. तोंडानं नंबर बोलले. बाबांनी लिहिला. वाचून दाखवायला लागले आणि मधेच थांबले. माझ्याकडे पाहिलं.

“पक्कं?”

“हव, बाबा.”

“एकदा चिठ्ठी पाह्य नं.”

“बाबा, मी काय आंधळी आहे? सात महिने तोच नंबर बोलते आहे मी. तुम्हालाच आठवत नाही तर मी काय करू? करा आता पुढं.”

त्यांनी नंबर तसाच ठेवला. भागाकार केला, नऊ टाकले, जुळलं. बाकी किती आली ते त्या दिवशी सांगितलं नाही. यादीत माझं नाव नव्हतं. मी उठून पोरीला सांगायला गेले.

त्यानंतर बाबा बदलले. मला वाटलं, डॉक्टर म्हणाले होते तेच. ते दर गोष्ट विचारायला लागले. आज मंगळवार आहे नं? मी जेवलो का? हा रस्ता देवळाकडेच जाते नं? पूर्वी चुकायचे, पण चुकीचंही ठासून सांगायचे. आता बरोबर असलं तरी विचारायचे. दूध आणायला गेले की गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि कोणी ओळखीचं दिसलं की त्याच्यासोबत पुढं जायचे. आकडेमोड मात्र सुरू होती. फक्त वाचून दाखवताना आवाज बारीक झाला होता.

पोळ्याच्या आसपास शेवटचं पान झालं. तीन हजार सातशे एकोणचाळीस. बाकी उरली. बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि वहीवर हात ठेवला.

“नाई तुटत,” म्हणाले. “मूळ आहे.”

मला खरंच भरून आलं. मी पोरीला पेढे आणायला पाठवलं. टेबलावरचं कार्ड उचलून त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाबा इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हसले. म्हणाले, “पाह्यलं? डोकं आहे अजून.”

पोरगी पेढे घेऊन आली. तिचा हेतू चांगलाच होता. नानाजींचा नंबर फोनवर टाकून बघू, तिथं त्याची सगळी माहिती येते, ती त्यांना दाखवू, असं तिला वाटलं. तिनं टाकला. आणि वाचत गेली. विषम. संयुक्त. दोनच मूळ संख्यांचा गुणाकार. कोणत्याही वर्गानं भाग न जाणारी. न्यून, म्हणजे स्वतःला सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज केली तरी ती संख्येपेक्षा कमी भरते. ‘संयुक्त’ वाचताना तिच्या लक्षात आलं नव्हतं, पुढं गेल्यावर आलं. ती थांबली.

“नानाजी, ये तो प्राइम नहीं है. दो हज़ार आठ सौ सैंतीस से कट रहा है.”

बाबांनी पेढा खाली ठेवला. ‘फोन चुकला असेल’ असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. वह्यांच्या गठ्ठ्यातून बरोबर ती वही काढली, बरोबर ते पान. चारशे बारावं. भाजक २८३७, भागाकार ४९४७, बाकी १३७०. मग त्यांनी पोरीला विचारलं, दुसरा आकडा कोणता? चार हजार नऊशे सत्तावन. कोऱ्या पानावर दोघांचा गुणाकार मांडला. आम्ही दोघी उभ्या राहून पाहत होतो. उत्तर आलं १४०६३००९.

ते उठले. डब्यातून कार्ड काढलं, सदऱ्याला पुसलं, गळ्यात घातलं आणि आत जाऊन पडले.

पोरगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही. मग वही घेऊन खिडकीशी बसले. बाबा भागाकारात चुकतील हे माझ्या मनाला पटत नव्हतं. मी पायरी पायरीनं तपासलं. सगळं बरोबर. शेवटची बाकीसुद्धा बरोबर. मग माझी नजर पानाच्या वर गेली. नंबर लिहिला होता १४०३६००९. सहा आणि तीन उलटे.

मी मागचं पान उघडलं. सहा, तीन. पुढचं उघडलं. सहा, तीन. पाचशे बावीस पानांत तेवढं एकच पान उलटं, आणि नेमका त्याच पानावर नंबर तुटत होता. नऊ टाकून चूक पकडली जाणार नव्हती, कारण आकडे उलटे केले तरी बेरीज तेवीसच राहते. तपासणीचा आकडा असता तर तिथल्या तिथं कळलं असतं. तो आम्ही काढून टाकला होता. चूक पकडायला राहिले होते ती मीच. आणि मला ती बदल्यांची यादी आठवली, डाव्या हातातली.

सकाळी चहा घेऊन मी त्यांच्याजवळ बसले. वही उघडून दाखवली. म्हटलं, “बाबा, तुमची चूक नाही. मी उलटं बोलले. फोनमध्ये पाहून राहिले होते. तुमचा भागाकार बरोबर आहे. डोकं एकदम शाबूत आहे तुमचं.”

त्यांनी पानाकडे नीट पाहिलंही नाही.

“मले माहीत आहे,” म्हणाले. “मले तेव्हाच वाटलं होतं. सहा अगोदर, तीन मंग.”

“मग अडवलं काहून नाही मला?”

“कसं अडवू? तू पाहून बोलत होती. मी आठवून. यार्डात आठवणीवर नंबर लिहत नाईत.” चहाचा एक घोट घेतला. “दोनदा विचारलं नं तुले. तू हव म्हटलं. मी समजलो का आता पाठ आहे ते बी खरं नाई. मंग म्हटलं, बाकीचं बी खरं नसन.”

मी त्यांचे पाय धरले. मी कुणाचे पाय धरणारी बाई नाही. म्हटलं, बाबा, चुकलं माझं, ते कार्ड काढा. ते म्हणाले, “राहू दे. काही जड नाई ते.” मी पुन्हा नंबर बोलले, या वेळी चिठ्ठीवर बोट ठेवून, आणि त्यांनी ते पान पुन्हा केलं. बाकी शून्य आली. शून्याकडे पाहून त्यांना काही वाटलं नाही. पान फाडून माझ्या हातात दिलं, आपण एखाद्याचं सामान परत करतो तसं.

डॉक्टर म्हणतात, ही अवस्था यायचीच होती, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मी त्यांना ती संध्याकाळ सांगितली नाही. यायचीच होती हे मलाही कळतं. पण हळू येणार होती, असंही त्यांनीच सांगितलं होतं.

आता बाबा दिवसभर कार्ड गळ्यात घालून खाटेवर बसतात. मी बसमधून उतरून आले की अजूनही वही पुढं करतात. भागाकार होत नाही. आम्ही फक्त नंबर घेतो. मी फोन पर्समध्ये ठेवते, चिठ्ठी दोन्ही हातांत धरते, एकेक आकडा पाहून बोलते. ते लिहितात, वाचून दाखवतात, मी हव म्हणते. कधी कधी एका संध्याकाळी वीस वेळा.

मागच्या आठवड्यात माझ्या मनात आलं, एकदा तरी त्यांनी मला अडवावं. नाही म्हणावं, चिडावं, पाहून बोल वं म्हणावं. म्हणून मी मुद्दाम चुकीचं बोलले. पहिलाच आकडा चुकवला, कुणालाही कळावं असा. सात चार शून्य सहा तीन शून्य शून्य नऊ.

त्यांनी लिहिलं. बोट ठेवून वाचून दाखवलं. सात, चार, शून्य, सहा. कुठं थांबले नाहीत. शेवटच्या नऊवर पेन ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसले, मी हव म्हणायची वाट पाहत.